खोक्यांच्या कारखान्यात बसलेल्या बायका

पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाने पुन्हा शाळेच्या बाकावर बसू नये. बसायचंच असेल तर निदान बाक तरी मोठा असावा. आमचा वर्ग एका प्राथमिक शाळेत भरायचा, पोरं घरी गेली की. गुडघे हनुवटीला टेकलेले, भिंतीवर पाढे, आणि समोर माझ्या धाकट्या भावाहूनही लहान दिसणारे सर. ते फळ्यावर ‘सत्य म्हणजे काय?’ असं लिहायचे आणि खडू हातात धरून आमच्याकडे बघत राहायचे. दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाला संध्याकाळी हा प्रश्न विचारला की उत्तर एकच सुचतं, की सर, पाय दुखतायत.

शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी विद्यापीठाने काढलेला पूर्वतयारीचा वर्ग होता तो. इतिहास, तत्त्वज्ञान, थोडं साहित्य, आणि निबंध कसा लिहायचा ते. वर्षभर टिकायचं, शेवटचा मोठा निबंध पास व्हायचा, की बी.ए.ला सरळ प्रवेश. नापास झालात तर परत बसता येत नाही, दार बंद. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं आमच्याकडे येतं आणि रोलरमधून कडक होऊन परत जातं. या वर्गासाठी मला कायमची सकाळपाळी हवी होती. सुपरवायझरने ती दिली, पण असं तोंड करून, की जशी स्वतःची किडनीच काढून देतोय. ‘एकच वर्ष हं,’ म्हणाला. माझा उजवा खांदा कामातून गेलाय. डॉक्टर म्हणतात रोलर सोडा, आणि ऑफिसवाले म्हणतात पदवी आणा, मग वरच्या मजल्यावर खुर्ची देतो. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर.

पण खुर्ची हे निमित्त. खरं म्हणजे मला शाळा हवी होती. ऐन दहावीत माझ्या हातातून ती काढून घेतली गेली, आणि त्याचा राग माझ्या पोटात इतकी वर्षं तसाच आहे. आईची नोकरी गेली, वडील आधीच अंथरुणाला खिळलेले, मग मीच लागले कामाला. आईवर मात्र मी कधी रागावले नाही. कारण तिची नोकरी का गेली ते मला लहानपणापासून तोंडपाठ होतं.

आई खोक्यांच्या कारखान्यात होती. पुठ्ठ्याची खोकी घडी मारायची, चिकटवायची, रचायची, आणि सगळं उभ्याने. बायकांनी किती वेळा सांगितलं, बसायला स्टुलं द्या, पण मालक ऐकेना. म्हणे बसल्या की हात हळू चालतात. मग एके दिवशी सगळ्या बायका मशीन चालू ठेवून खाली जमिनीवर बसल्या. मालक धावत आला, आरडाओरडा केला, आणि आई त्याला म्हणाली, ‘आम्ही बायका आहोत, खांब नाही.’ त्या एका वाक्यापायी तिला काढलं. माझी शाळा त्या वाक्यावरून ओवाळून टाकली गेली असं मी मानत आले. महाग पडलं, पण वाक्य काय तोलामोलाचं होतं!

आता वर्गाकडे येते. आमचा तिघांचा एक कंपू होता. एक काका, ते शहरबसचे ड्रायव्हर, निवृत्तीला आलेले. एक धाकटी, ती कपड्यांच्या दुकानात काउंटरवर, तान्हं पोर सासूकडे टाकून यायची आणि सासूचे टोमणे पिशवीत घेऊन यायची. आणि तिसरी मी, त्यांची ताई. तिघांनाही वाचायला वेळ नाही. सर दर आठवड्याला जाडजूड प्रकरणं द्यायचे. धाकटीला तर पहिल्या पानावरच झोप यायची. मग मी म्हटलं, आपण चार्ज देऊ.

चार्ज म्हणजे काय ते पाळीत काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. पाळी बदलताना जाणारी बाई येणाऱ्या बाईला सगळं सांगते. तिसऱ्या मशीनचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही, लहान मुलांच्या वॉर्डाच्या चादरी आधी काढ, लाल पिशव्यांना हात लावू नकोस. येणारी ते शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवते आणि मगच जाणारी घरी जाते. यात कुणी विचारत नाही, की तुला हे कुणी सांगितलं, तू स्वतः पाहिलंस की कुठे वाचलंस. मशीनबद्दल जे ठाऊक ते सांगायचं, जसं मिळालं तसं पुढे द्यायचं. काकांच्या डेपोतही हीच रीत होती, आणि दुकानातही पाळी बदलताना गल्ला असाच सोपवतात. त्यामुळे तिघांनाही ते लगेच पटलं. एकाने एक प्रकरण वाचायचं आणि वर्गाआधी शाळेच्या पायरीवर बसून बाकीच्या दोघांना चार्ज द्यायचा. वर्षभर आमचं गाडं त्याच्यावर चाललं. सरांना वाटायचं आम्ही फार वाचतो.

शेवटच्या निबंधाचा विषय होता, काम करणाऱ्या माणसांनी आपल्या वेळेवर हक्क कसा सांगितला. पुस्तकात त्यावर एक लांबलचक प्रकरण होतं, कारखान्यांचे भोंगे, घड्याळं, सुट्टीसाठीची भांडणं. ते माझ्या वाट्याला आलं. मी ते बसमध्ये उभ्याने वाचलं, लाँड्रीत जेवणाच्या सुट्टीत वाचलं, आणि शनिवारी पायरीवर चार्ज दिला. त्या दिवशी रोलर बंद पडला होता आणि आम्ही सगळ्या चादरींच्या घड्या हाताने घातल्या होत्या. खांदा ठणकत होता, डोळे मिटत होते. भोंग्यांबद्दल सांगितलं, घड्याळांबद्दल सांगितलं, आणि सांगता सांगता आईच्या कारखान्यातल्या बायका कधी येऊन बसल्या ते माझं मलाच कळलं नाही. काका आणि धाकटीने ते शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवलं. काका तर म्हणाले, या प्रकरणातलं हेच सगळ्यात झकास आहे. मला वाटलं, खरंच की.

निबंध दिल्यानंतरच्या आठवड्यात सरांनी आम्हा तिघांना वर्ग सुटल्यावर थांबवून घेतलं. तीन निबंध बाकावर शेजारी शेजारी मांडले. तिन्हींत तेच वाक्य, ‘आम्ही बायका आहोत, खांब नाही.’ तिन्हींत वर लिहिलेलं, पुस्तकात म्हटल्याप्रमाणे. सर म्हणाले की त्यांनी ते प्रकरण पुन्हा वाचून काढलं, असा कारखाना त्यात नाही, अशा बायका नाहीत, कुणी जमिनीवर बसलेलं नाही. एकमेकांचं उतरवणं हा एक गुन्हा आणि पुस्तकाच्या नावावर काहीतरी रचून खपवणं हा दुसरा. नियमाप्रमाणे तिघांनाही बाद करायला हवं. विभागप्रमुखांकडे त्यांनी अजून काही कळवलं नव्हतं, म्हणून आधी आम्हाला विचारत होते.

धाकटी रडायला लागली. काका खाली बघत टोपी फिरवत बसले. मला आधी काही समजेचना आणि मग एकदम सगळं समजलं. मी सांगून टाकलं. चार्ज म्हणजे काय ते सांगितलं, आई सांगितली, कारखाना सांगितला. आमच्याकडे चार्ज दिला नाही तर मेमो मिळतो आणि इथे दिला म्हणून मिळतोय, हेही म्हणून घेतलं, कारण माझ्या जिभेला हाड नाही. सर हसले नाहीत. पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

माणूस वाईट नव्हता, फक्त तरुण होता. त्याने विचार करून एक वाट काढली. तुमची आई हयात आहे ना, मग तिने स्वतः हे सांगितलं तर ही बनवाबनवी ठरत नाही, साक्ष ठरते. इतिहासात साक्षीला मान आहे, फक्त ती कुणाची आहे ते लिहायला लागतं. मी येऊन त्यांच्याशी बोलतो. मग काका आणि धाकटीने त्या बायका वगळून आपापला निबंध नव्याने लिहायचा, आणि मी माझ्या निबंधात आईची साक्ष नीट तिच्या नावावर मांडायची. तो निबंध बघून प्रमुखांना पटलं, की झाली ती चूक होती, लबाडी नव्हती, तर तिघंही सुटतील, थोडे गुण कापून. म्हणजे तिघांचं वर्ष माझ्या आईच्या तोंडावर येऊन टेकलं. मला तर हायसंच वाटलं. ती गोष्ट सांगायला आईला कुणी सांगावं लागतं होय? दाराशी आलेल्या पोस्टमनलाही सांगेल ती.

रविवारी सकाळी सर आमच्याकडे आले. आईने केस नीट विंचरले होते, चष्मा पुसला होता, आणि हाताला चाळा हवा म्हणून मटार सोलायला घेतले होते. ती त्यांना मास्तर म्हणाली आणि ते तिला आजी म्हणाले. त्यांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून टेबलावर ठेवलं. आमचे हे चहा ठेवून बाहेर निघून गेले, त्यांना घरात कुणी शिकलेलं आलं की अवघडायला होतं.

आईने सुरुवात केली. नेहमीची गोष्ट, नेहमीच्या जागी थांबून, नेहमीच्या जागी आवाज चढवून. मी दाराला टेकून मनातल्या मनात तिच्याबरोबर म्हणत होते. बायका खाली बसल्या इथपर्यंत ती आली तेव्हा सरांनी अगदी साधा प्रश्न विचारला.

“आजी, त्या सगळ्या बसल्या तेव्हा तुमच्या समोर काय काय दिसत होतं?”

“डोकी,” आई पटकन म्हणाली. “सगळ्यांचे भांग दिसत होते. काहींचे केस पातळ झाले होते, मला तोवर माहीतच नव्हतं.”

आईच्या बोटांत अर्धी उघडलेली शेंग होती. तिने ती पूर्ण उघडली, दाणे भांड्यात टाकले आणि भांडं बाजूला सारलं.

“मी उभी होते, मास्तर,” ती म्हणाली. “मी नाही बसले.”

मग तिने बाकीचं सांगितलं, आणि ती गोष्ट मी कधीच ऐकलेली नव्हती. सगळ्या बसल्या, ती एकटी मशीनपाशी उभी राहिली आणि खोकी घडी करत राहिली. मालक आला तेव्हा त्याने तिच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना सांगितलं, बघा, ही बघा काम करते. ते खांबाचं वाक्य तिचं नव्हतं. ते एका बुटक्या बाईचं होतं, चिकटवणीच्या टेबलावरची, जिला सगळ्या टिंगू म्हणायच्या. स्टुलं मिळाली, सगळ्यांना मिळाली, आईलाही मिळालं. आणि कुणालाही कामावरून काढलं नाही.

सरांचा चेहरा मोठं बक्षीस लागल्यासारखा उजळला. ते म्हणाले, हे पहिल्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोलाचं आहे, जे बसले त्यांच्याबद्दल सगळे लिहितात, जी उभी राहिली तिची साक्ष कुणाकडे असते? मला त्यांच्या डोक्यात मटारचं भांडं घालावंसं वाटलं. जाताना त्यांनी मला जिन्यात दोन गोष्टी बजावल्या. एक, लिहिलेलं आजींना वाचून दाखवायचं आणि त्या हो म्हणाल्या तरच द्यायचं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं, कारण माणसं पहिल्यांदा भिडेपोटी हो म्हणतात. दुसरी गोष्ट, निबंधात ‘का’ हवं. त्या उभ्या का राहिल्या? नुसतं काय झालं त्याने भागत नाही, ताई, का झालं ते हवं.

मी वर आले आणि भांडी आपटायला लागले. आई मटार घेऊन परत बसली होती, जणू काही झालंच नाही. तो दिवस आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. लाँड्रीत चादरी रोलरखाली घालताना एकच डोक्यात घुमत होतं, काढलं नाही. तिला काढलं नाही. मग माझी शाळा कशापायी गेली? एवढी वर्षं मी एका वाक्यापायी रोलरवर उभी आहे असं समजत होते, आणि ते वाक्य कुठल्या तरी टिंगूचं.

सोमवारी संध्याकाळी घरी आल्यावर मी चपला काढल्या आणि काही पाणीबिणी न पिता तिच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, आई, नोकरी मग गेली कशी?

“गेली नाही. मी सोडली.”

“का?”

“त्या माझ्याशी चांगल्या वागायला लागल्या,” ती म्हणाली. “शिव्या घातल्या असत्या तर राहिले असते. एकीने तर माझं स्टूल पुसून दिलं. महिनाभर काढला कसाबसा, मग नाही सोसलं.”

मी ओरडले. काय ओरडले ते इथे सांगण्यात अर्थ नाही. माझी शाळा, माझा खांदा, माझी वर्षं, सगळं काढलं. आईने ऐकून घेतलं. ती बोलली तेव्हा तिचा आवाज बिलकूल वाढला नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. म्हणाली, तू लहान होतीस, शाळा सुटली म्हणून रडत होतीस, तुला काहीतरी मोठं द्यायला हवं होतं हातात. नोकरी बाईने लाजून सोडली असं सांगितलं असतं तर तू मला कधी माफ केलं नसतंस. मी म्हटलं, मग मास्तरांना बरं सांगितलंस! तर म्हणाली, त्याने विचारलं. तू इतक्या वर्षांत ती गोष्ट शंभरदा सांगायला लावलीस, पण मी कुठे होते, काय बघत होते, हे तू कधी विचारलंस का?

मी कधीच विचारलं नव्हतं. मला गोष्ट हवी होती आणि ती मिळत होती.

माझा राग त्यानंतर गेला असं नाही. पण अंगात रागवायलाही त्राण लागतं. निबंध बुधवारी द्यायचा होता. काकांचा फोन आला, ताई, घाबरू नकोस, काय व्हायचं ते होईल, पण लवकर लिही. धाकटीने फोनही केला नाही, नुसतं नवीन लिहिलेल्या निबंधाचा फोटो पाठवला, आणि त्यात तिच्या पोराचा हात मध्ये आला होता. म्हणून मी त्याच संध्याकाळी जेवणं झाल्यावर वही घेऊन आईशेजारी बसले, आणि बँकेत कागद भरताना विचारतात तसं कोरडं विचारलं, की तू उभी का राहिलीस.

मला वाटलं ती म्हणेल, भीती वाटली. किंवा तुझे वडील आजारी होते, पगार कापला असता. सरांनाही तेच वाटत असणार.

“दमले होते गं,” ती म्हणाली.

मला कळेना. म्हटलं, दमलेला माणूस बसतो ना? तर तिने मान हलवली. म्हणाली, आदल्या रात्री तुझ्या वडिलांना धरून बसले होते, तशीच कामावर गेले. पायावर उभी होते ती सवयीने. बसले असते तर परत उठणं झालं नसतं. आणि बसणं म्हणजे नुसतं बसणं नाही, बसल्यावर भांडावं लागतं, उत्तरं द्यावी लागतात, मालकाच्या डोळ्यात बघावं लागतं. एवढं कुठून आणायचं? खोकी घडी करायला काही लागत नाही, हात आपले चालतात. टिंगूने हात धरून ओढलं सुद्धा खाली. मी म्हटलं राहू दे, तुम्ही बसा.

मी ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाळीवरून आल्यावर निबंध पुरा केला. भोंगे, घड्याळं, मग आई, टिंगू, भांग दिसणं, आणि उभं राहण्याचं कारण. पूर्ण करून तिला वाचून दाखवला. शेवटी हो म्हणाली, छान लिहिलंयस, अक्षर कसं आहे ते नाही दिसत मला पण असेल चांगलं. मला वाटलं, सुटलो.

बुधवारी पहाटे कामावर निघताना सरांचं बोलणं आठवलं. खरं सांगते, विचारू नये असं वाटलं. ती हो म्हणाली होती, मी बसच्या घाईत होते, आणि तिघांचं वर्ष त्या कागदांत होतं. पण विचारलं. ती वाळलेले कपडे दोरीवरून काढत होती.

“एक वाक्य काढ,” ती म्हणाली. “दमले होते, ते काढ. घाबरले होते असं लिही.”

मी म्हटलं, पण तू घाबरली नव्हतीस.

“नव्हते. पण घाबरलेल्या बाईला लोक समजून घेतात. दमलेल्या बाईला म्हणतात, आम्ही नाही का दमत? त्या बसल्या त्यासुद्धा दमलेल्याच होत्या. माझ्याहून जास्त असतील.” तिने माझ्या नवऱ्याचा शर्ट खांद्याला खांदा जुळवून घडी केला. “कोण मानेल ते? तुझ्या मास्तरांनासुद्धा नाही पटायचं. तुझी जागा जाईल माझ्यापायी, दुसऱ्यांदा.”

ती बरोबर बोलत होती. भीती लिहिली असती तर निबंध सरळ झाला असता, पुस्तकातल्या प्रकरणात अगदी फिट बसला असता. एक शब्द खोडून दुसरा लिहायचा, तिची परवानगी होतीच, उलट आग्रह होता. मला तिची कीव आली आणि चीड आली आणि माया आली, सगळं एकाच वेळी, आणि मी तशीच पिशवी खांद्याला लावून उभी राहिले. तो दुखणारा खांदा होता. दुसऱ्या खांद्याला लावावी एवढंही सुचत नव्हतं. घरी यायचं, वाचायचं, लिहायचं, भांडायचं, परत जायचं, आणि वरच्या मजल्यावरची ती खुर्ची मिळाली तरी मी तीत बसून आधी काय करणार, तर झोपणार.

“मीपण दमलेय, आई,” मी म्हटलं. “मला पटतं.”

तिने माझ्याकडे बघितलं. खूप वर्षांनी बघितल्यासारखं बघितलं.

“तुला पटतं?”

“हो.”

“मग राहू दे,” ती म्हणाली, आणि चिमटे डब्यात टाकायला लागली.

निबंध संध्याकाळी दिला. वाक्य तसंच ठेवून दिला. निकालापर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. काका वर्गात यायचे आणि पेपरमिंटच्या गोळ्या वाटायचे. मग सरांनी तिघांना बोलावून सांगितलं, की प्रमुखांनी मान्य केलं, गुण कापले पण तिघंही पास, तिघांनाही प्रवेश. धाकटी तिथेच बाकावर डोकं टेकून बसली. काका सरांशी इतक्या जोरात हस्तांदोलन करायला लागले की शेवटी मला म्हणावं लागलं, काका, गिअर नाही तो, सोडा आता. मी हसले, आणि हसताना मला रडू येतंय हे कळलं, आणि मी दोन्ही करून घेतलं.

बसमध्ये बसायला जागा मिळाली तेव्हा निबंध उघडून पाहिला. सरांनी लाल पेनने ठिकठिकाणी छान म्हटलं होतं. भांग दिसण्याच्या जागी तर दोनदा. आणि जिथे आईचं कारण होतं तिथे कडेला लिहिलं होतं, ‘केवळ थकवा? हे कारण अपुरं वाटतं. आर्थिक भीती, घरचा दबाव यांचाही विचार करायला हवा होता.’ मी ते वाचलं. परत वाचलं. मग निबंध पिशवीत खाली, डब्याच्याही खाली घातला.

आई दार उघडूनच बसली होती. मी आत येण्याआधीच तिने माझा चेहरा वाचला आणि हात जोडले. जागा मिळाली, मी सांगितलं. काकांनाही, धाकटीलाही. तिने मला पाणी दिलं, बस म्हणाली, आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत थांबली.

“आणि मास्तरांना?” तिने विचारलं. “पटलं का त्यांना?”

“पटलं,” मी म्हटलं. “अगदी पटलं म्हणाले.”

तिने मान डोलावली, आणि माझ्या शेजारी बसली.